मोटार अपघात नुकसानभरपाई दावा

मोटार अपघात नुकसानभरपाई दावा म्हणजे मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीने, किंवा मृताच्या कायदेशीर वारसांनी, भरपाई मिळावी म्हणून केलेला अर्ज होय. भारतात असे दावे मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतात. वाहनचालकावरील फौजदारी खटला आणि हा दावा या दोन स्वतंत्र कार्यवाही आहेत. खटल्यात चालक निर्दोष सुटला, तरी केवळ त्या कारणाने दावा फेटाळला जात नाही. प्रस्तुत लेखात मुख्यतः जखमी व्यक्तीच्या दाव्याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

पूर्वी अशा भरपाईसाठी दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागे. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमात १९५६ साली दुरुस्ती होऊन स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद झाली. १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या १९८८ च्या अधिनियमाने ती कायम ठेवली. न्यायाधिकरणाने संक्षिप्त पद्धतीने चौकशी करून 'न्याय्य' वाटेल एवढी भरपाई ठरवावी, असे हा अधिनियम सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीने भरपाईविषयक अनेक तरतुदी बदलल्या. त्यांतील बहुतेक १ एप्रिल २०२२ पासून लागू झाल्या.

दाव्याचे प्रकार

१. कलम १६६ : यात वाहनचालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. भरपाईला कमाल मर्यादा नाही. फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय पुराव्याची अपेक्षा नसून संभाव्यतेच्या तौलनिक बळावर निर्णय होतो. जखमी व्यक्तीचाही काही दोष आढळल्यास त्या प्रमाणात रक्कम कमी होते.

२. कलम १६४ : यात कोणाचाही दोष सिद्ध करावा लागत नाही. मृत्यूबद्दल ५ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीबद्दल २.५ लाख रुपये अशी रक्कम ठरलेली आहे. विमा कंपनीबरोबरच्या तडजोडीत ही रक्कम स्वीकारल्यास कलम १६६ खालील अर्ज संपुष्टात येतो. त्यामुळे कायमचे अपंगत्व आलेल्या व्यक्तीच्या दृष्टीने ही निवड महत्त्वाची ठरते.

३. कलम १६१ : धडक देऊन पळालेल्या वाहनाचा शोध न लागल्यास मृत्यूबद्दल २ लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये मिळतात. हा अर्ज न्यायाधिकरणाकडे न करता तालुका किंवा उपविभाग पातळीवरील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो.

कामावर असताना मोटार अपघात झाल्यास कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ खालीही मागणी करता येते. मात्र दोन्ही कायद्यांखाली भरपाई घेता येत नाही.

स्थळ आणि मुदत

अपघात जेथे घडला, अर्जदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो, अथवा सामनेवाला जेथे राहतो, त्यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. परजिल्ह्यात अपघात झालेल्या जखमीस त्यामुळे वारंवार प्रवास करावा लागत नाही.

मूळ अधिनियमात सहा महिन्यांची मुदत होती. १९९४ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली आणि २०१९ च्या दुरुस्तीने पुन्हा घातली. गंभीर जखमीचा हा काळ बहुधा उपचारांतच जातो, म्हणून ही तरतूद वादग्रस्त ठरली. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. केवळ मुदतबाह्य म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला.

कार्यपद्धती

पोलिसांनी अपघाताचा अहवाल तीन महिन्यांच्या आत न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो आणि तो अर्ज म्हणूनच विचारात घेतला जातो. जखमी व्यक्ती स्वतंत्र अर्जही करू शकते. वाहनाचा चालक, मालक व विमा कंपनी यांना सामनेवाले केले जाते. त्यांनी कैफियत दाखल केल्यावर मुद्दे निश्चित होतात, साक्षी-पुरावे होतात आणि निवाडा दिला जातो. लोकअदालतीत तडजोडीनेही दावा मिटू शकतो.

प्रथम खबर, घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाची व विम्याची कागदपत्रे, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या, उत्पन्नाचा पुरावा आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र ही मुख्य कागदपत्रे होत. अपंगत्वाचे नुसते प्रमाणपत्र पुरेसे ठरत नाही. उपचार किंवा तपासणी केलेल्या डॉक्टरची साक्ष साधारणतः आवश्यक असते.

भरपाईची गणना

राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जखमी व्यक्तीच्या भरपाईची तत्त्वे स्पष्ट केली. उपचार, प्रवास व पौष्टिक आहाराचा खर्च, उपचारकाळात बुडालेले उत्पन्न, भविष्यातील उत्पन्नाची हानी, पुढील उपचारांचा खर्च, वेदना व यातना, आणि जीवनातील सुखसोयींना मुकणे ही भरपाईची प्रमुख शीर्षके आहेत.

शारीरिक अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेतील घट या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या निकालाचे मुख्य सूत्र होय. डावा हात कापावा लागल्यास शारीरिक अपंगत्व सुमारे ६० टक्के मानले जाईल. परंतु जखमी व्यक्ती सुतार किंवा वाहनचालक असेल, तर तिची कमाई जवळजवळ पूर्णपणे बुडते. तीच व्यक्ती सरकारी कारकून असेल, तर नोकरी टिकूही शकते. म्हणून जखमी व्यक्ती अपघातापूर्वी कोणते काम करीत होती आणि आता कोणते करू शकते, हे न्यायाधिकरणास पाहावे लागते.

भविष्यातील हानीसाठी वयानुसार गुणक वापरतात. सरला वर्मा (२००९) निकालानुसार तो २१ ते २५ वयासाठी १८, ३१ ते ३५ साठी १६, ४१ ते ४५ साठी १४ आणि ५१ ते ५५ साठी ११ आहे. उदाहरणार्थ, ३४ वर्षांच्या, स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या कारागिराचे मासिक उत्पन्न १२,००० रुपये आणि कमाईतील घट ४० टक्के धरू. ४० वर्षांखालील स्वयंरोजगारितांना भावी उत्पन्नवाढीपोटी ४० टक्के वाढ धरली जाते. त्यामुळे मासिक उत्पन्न १६,८०० आणि वार्षिक २,०१,६०० रुपये होते. त्याचे ४० टक्के म्हणजे ८०,६४० रुपये. त्यास १६ ने गुणता या एका शीर्षकाखाली १२,९०,२४० रुपये येतात. मृत्यूच्या दाव्यात वजा होणारा वैयक्तिक खर्च जखमीच्या दाव्यात वजा केला जात नाही.

निवाडा आणि अपील

भरपाईवर व्याज देता येते, परंतु ते अर्ज दाखल केल्याच्या तारखेआधीपासून नाही. अर्जदार निरक्षर असल्यास रकमेचा काही भाग मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश दिला जातो. निवाड्याविरुद्ध ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. मात्र वादातील रक्कम १ लाख रुपयांपेक्षा कमी असल्यास अपील चालत नाही. दावा प्रलंबित असताना जखमी व्यक्तीचा कोणत्याही कारणाने मृत्यू झाला, तरी २०१९ च्या दुरुस्तीनुसार भरपाईचा हक्क तिच्या कायदेशीर वारसांकडे जातो.