मनोरंजन उद्यानांतील कृत्रिम यथादर्शन
दूरची वस्तू डोळ्याला लहान दिसते, पण ती खरोखर लहान आहे असे आपण मानत नाही. अंतराचा हिशेब मेंदू आपोआप करतो. या सवयीचा उपयोग करून बेताची वास्तू उंच भासवण्याच्या तंत्रास कृत्रिम यथादर्शन म्हणतात. कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे १९५५ मध्ये सुरू झालेल्या डिस्नीलँडमधील ‘स्लीपिंग ब्यूटी’चा किल्ला जेमतेम ७७ फूट उंच आहे. त्याच्या पायथ्याचे दगड मोठे, वर जावे तसतसे लहान. आकारातली ही घट डोळ्याला अंतर वाटते आणि शिखर दूर आभाळात गेल्यासारखे दिसते. प्रवेशरस्त्यावरील दुकानांचे वरचे मजलेही असेच आखूड ठेवले आहेत. भ्रम टिकतो तो खालून, योग्य अंतरावरून पाहतानाच. त्यामुळे प्रेक्षकाच्या वाटेची आखणी हेच या कलेतले सर्वांत नाजूक काम.