पायदळाच्या पावलांनी चालणारी तोफ

औशाचा किल्ला भुईकोट आहे. त्याच्या बुरुजांवर जुन्या तोफा आजही पडून आहेत. उदगीरलाही आहेत, कंधारलाही. लातूर-नांदेडकडचा माणूस लहानपणी सहलीला जातो, तापलेल्या लोखंडावर हात ठेवून पाहतो, आणि तोफ म्हणजे बुरुजावर आडवी पडलेली ही अजस्र वस्तू, अशी त्याची कायमची समजूत होते. ती समजूत अगदी निराधारही नाही. 1549 साली अहमदनगरला महंमद बिन हसन रूमी याने ओतलेली मुलूख-ए-मैदान तोफ शेजारच्या परंड्याच्या किल्ल्यात होती आणि तेथून ती 1632 मध्ये विजापूरला नेली गेली. मोगलांनी 1631 मध्ये कंधार आणि 1636 मध्ये उदगीर व औसा घेतले, तेही वेढे घालूनच. परंतु आपल्याला मागोवा घ्यायचा आहे तो दुसऱ्याच तोफेचा. ती बुरुजावर कधी चढली नाही. ती पायदळाच्या सोबतीने, त्याच्याच पावलांनी चालत राहिली, आणि या मुलखाच्या इतिहासाला खरे वळण दिले ते तिनेच, असे माझे मत आहे.

तिचे पूर्वज शोधायचे तर आपल्याला हत्ती-उंटांच्या पाठीकडे पाहावे लागते. हत्तीवरची ती गजनाळ, उंटावरची ती सुतरनाळ. जंबुरा आणि जेजाला ही हलकी हत्यारेही याच गोतावळ्यातली. 23 जानेवारी 1565 रोजी तालिकोटच्या रणांगणावर हुसेन निजामशहाचा तोफखाना चलबी रूमी खानाने तीन रांगांत मांडला होता, असे फेरिश्ता लिहितो. पुढे जड तोफा, त्यामागे मध्यम, आणि सर्वांत मागे जंबुरे. जवळ आलेल्या शत्रूवर त्याने तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या तोफेत भरून डागल्या. मोठा गोळा तट फोडतो. माणसांची लाट थोपवायची तर बारीक तुकड्यांचा फवाराच लागतो, हे त्याने ओळखले होते. मात्र या तोफा एकदा मांडल्या की मांडल्या. पायदळ पुढे सरकले तर त्या मागेच राहत.

तोफेला चालते केले ते दूरच्या स्वीडनमध्ये. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा गुस्ताव अडॉल्फ याने प्रत्येक रेजिमेंटला तीन पौंडी, म्हणजे तीन पौंड वजनाचा गोळा फेकणाऱ्या, हलक्या तोफा दिल्या. एक घोडा किंवा मूठभर माणसेही ती ओढू शकत. ही कल्पना फ्रेंचांनी उचलली आणि फ्रेंचांबरोबर ती पाँडिचेरीला उतरली. 1751 मध्ये द बुसी हा फ्रेंच सेनानी निजाम सलाबतजंगाला घेऊन औरंगाबादेत आला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कुकडी नदीकाठी, चंद्रग्रहणाच्या रात्री, त्याच्या तोफांनी नानासाहेब पेशव्यांच्या छावणीवर अचानक भडिमार केला. वाऱ्यासारखे येऊन वाऱ्यासारखे जाणाऱ्या मराठी घोडदळाला तोफखान्याचे लोढणे कधीच आवडले नव्हते. त्या रात्रीनंतर मात्र तोफेकडे डोळेझाक करणे पुण्याला परवडणारे नव्हते.

बुसीने शिकवलेल्या कवायती शिपायांना आपल्याकडे गारदी म्हणत. हा शब्द फ्रेंच ‘गार्द’वरून आला असे मानतात. पुढे गारद्यांनी केलेल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनामुळे तो मराठीत शिवीसारखा झाला. वास्तविक तो एका कसबाचा शब्द होता. बंदूकवाले पायदळ ओळीत उभे, त्यांच्या फळीत हलक्या तोफा, आणि दोघांनी एकमेकांना राखायचे, असे ते कसब. इब्राहिमखान गारदी त्यात तरबेज होता. बुसीच्या हाताखाली तो तयार झाला, निजामाच्या चाकरीत राहिला, 1758 मध्ये बुसी दक्षिणेतून गेला, आणि त्यानंतर इब्राहिमखान आपल्या पलटणींसह व तोफांसह पेशव्यांकडे आला. विद्या निजामाच्या घरी वाढली आणि पेशव्यांच्या घरी नांदायला आली. तिची परीक्षाही निजामावरच झाली, आणि ती आजच्या लातूर जिल्ह्यात.

1759 च्या नोव्हेंबरात अहमदनगरचा किल्ला मराठ्यांच्या हाती आला आणि युद्ध पेटले. सदाशिवरावभाऊ फौजेसह बालाघाटावर चढले. सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजामअली यांना धारूरला आपल्या दुसऱ्या फौजेला मिळायचे होते, आणि वाट होती उदगीर-औशाच्या पठारावरून. निजामाचे सैन्य गोल बांधून चालत होते. मध्ये बुणगे व सामान, सभोवती फौज आणि तोफखाना. घोडदळाने असा गोल फोडणे फार कठीण. भाला तोफेच्या तोंडाशी पोचेपर्यंत निम्मे घोडे पडलेले असतात. आपण त्या दिवसांतले ते पठार डोळ्यांसमोर आणू या. माघ महिना, रब्बीची ज्वारी उभी, काळ्या जमिनीला भेगा पडू लागलेल्या. अशा जमिनीत जड तोफेचे चाक रुतते. बैलांच्या दोन-तीन जोड्यांची तोफ मात्र निघून जाते. इब्राहिमखानाच्या तोफा गोलाबरोबर चालत राहिल्या. तो थांबला की थांबायच्या, डागायच्या आणि पुन्हा जोडून पुढे. 3 फेब्रुवारी 1760 रोजी औशाच्या परिसरात मराठी घोडदळाने शेवटी गोलात मुसंडी मारली, ती या भडिमाराने विसकटलेल्या कडेवर. निजामाला तह करावा लागला. दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, अहमदनगर, विजापूर आणि सुमारे साठ लाखांचा मुलूख पेशव्यांना मिळाला. मराठ्यांनी निजामाकडून एका फटक्यात एवढे कधी घेतले नव्हते.

उदगीरच्या या यशानेच भाऊंची तोफेवरची श्रद्धा पक्की झाली. दत्ताजी शिंदे बुराडीला पडल्याची बातमी आली आणि 14 मार्च 1760 रोजी पडदूरहून, म्हणजे जालन्याकडच्या आजच्या परतूरहून, भाऊ उत्तरेला निघाले, तेव्हा इब्राहिमखान बरोबर होता. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर गारद्यांच्या नऊ पलटणी आणि चाळीसेक तोफा डाव्या बगलेला उभ्या राहिल्या. रोहिल्यांची त्यांनी दाणादाण उडवली. परंतु उदगीरला तोफेने फोडलेली भेग रुंदवायला घोडदळ तयार होते. पानिपतावर उपाशी घोडदळाला गोल धरून उभे राहण्याचा धीर उरला नाही. हार तोफेची नव्हती, तोफ आणि घोडा यांच्यातला दुवा तुटल्याची होती. इब्राहिमखान जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला. निष्ठेने लढलेल्या या माणसाचे ऋण आपण पुरेसे मानलेले नाही, याची मला खंत वाटते.

ते कसब मात्र मेले नाही. पानिपतातून वाचलेल्या महादजी शिंद्यांनी 1784 पासून द बॉइन या युरोपीय सेनानीकडून पलटणी उभारल्या, आग्ऱ्याला सँगस्टर या स्कॉटिश माणसाकडून तोफा ओतवल्या, आणि प्रत्येक पलटणीला तिच्या स्वतःच्या तोफा दिल्या. त्याच घडणीच्या तोफा 23 सप्टेंबर 1803 रोजी पुन्हा मराठवाड्यात, जालन्याकडच्या असईला, इंग्रज सेनापती वेलस्लीसमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या माऱ्याने इंग्रजांच्या तोफांचे बैल आणि गोलंदाज इतके पडले की त्या तोफा निकामी झाल्या. फळी ओलांडून गेलेल्या इंग्रजांच्या पाठीवर, मेल्याचे सोंग घेतलेल्या मराठी गोलंदाजांनी उठून पुन्हा बत्ती दिली. शंभराच्या घरात तोफा गमावून महादजींचे वारस शिंदे हरले. पण इंग्रजांची दीड हजारांवर माणसे तिथे मेली किंवा जखमी झाली.

निजामानेही धडा घेतला होता. रेमाँ या फ्रेंचाने हैदराबादेत तोफांचा कारखाना काढला. तिथला गनफाउंड्री भाग अजून त्याच नावाने ओळखला जातो. 1798 मध्ये इंग्रजांनी रेमाँच्या घडणीचे फ्रेंच सैन्य मोडले आणि पुढे इंग्रज अधिकाऱ्यांखाली नवी फौज उभी राहिली. या फौजेने जानेवारी 1819 मध्ये हदगावकडच्या नव्ह्याच्या गढीत हटकरांचे पुढारी नोवसाजी नाईक यांना वेढले. हटकर शिबंदी तीन आठवड्यांहून अधिक झुंजली. ज्या मुलखात चालती तोफ वाढली, तिथल्याच माणसांवर आता ती रोखलेली होती.

यानंतर वाट भराभर पालटते. लांब पल्ल्याची बंदूक आली तशी फळीत उभ्या तोफेजवळचे गोलंदाज टिपले जाऊ लागले, आणि तोफखाना पायदळापासून वेगळा होऊन मागे सरकला. डोंगरात मात्र जुने नाते टिकले. 28 सप्टेंबर 1827 रोजी मुंबई इलाख्यात गोलंदाजांची एक कंपनी उभी राहिली. तीच पुढे खेचरांवर सुटे भाग लादून नेणारी पाचवी बॉम्बे माउंटन बॅटरी झाली, आणि तिच्या स्थापनेचा दिवस आपला तोफखाना आजही साजरा करतो. गोलंदाज हा शब्द आता आपण क्रिकेटला दिला आहे. त्या तुकडीच्या नावात तो मूळ अर्थाने होता.

पहिल्या महायुद्धातल्या खंदकांनी पायदळाला पुन्हा स्वतःच्या तोफेची गरज भासवली. 1915 मध्ये इंग्लंडात स्टोक्सने साधी नळी, पाया आणि दोन पाय असलेली उखळी तोफ बनवली. दुसरी शाखा पोलादात शिरली आणि रणगाडा झाली. सप्टेंबर 1948 मध्ये सोलापूरहून नळदुर्गच्या वाटेने भारतीय सैन्य निजामाच्या राज्यात शिरले, तेव्हा पायदळाच्या पुढे तोफ चालली ती या रणगाड्याच्या रूपात. आज आपल्या पायदळाच्या प्रत्येक पलटणीकडे तिच्या स्वतःच्या 81 मिलिमीटरच्या उखळी तोफा असतात. गाडा नाही, बैल नाहीत. नळी एकाच्या पाठीवर, पाया दुसऱ्याच्या, दोन पाय तिसऱ्याच्या, गोळे बाकीच्यांकडे, आणि पलटण चालेल त्या चालीने ती चढण चढते.