‘द क्रॉनिक’ (१९९२) : उद्धरणाकडून पुनर्वादनाकडे

गँगस्टा रॅपची चिकित्सा आजवर बहुधा आशयाच्या अंगाने झाली. बंदुका, पोलीस, टोळ्या यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. मात्र या गीतप्रकाराच्या घडणीत परक्या ध्वनीचे स्थान कोणते, हा प्रश्न मागेच राहिला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हिप-हॉप प्रामुख्याने उद्धरणांवर उभे होते. पब्लिक एनिमीने जुन्या ध्वनिमुद्रिकांतील असंख्य तुकडे एकमेकांवर रचून आपली संहिता सिद्ध केली. कॉम्प्टनच्या एन. डब्ल्यू. ए. या समूहाची ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ (१९८८) ही ध्वनिमुद्रिकाही बऱ्याच अंशी याच घडणीची होती.

१७ डिसेंबर १९९१ रोजी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने बिझ मार्की या रॅपगायकाविरुद्ध निकाल दिला. गिल्बर्ट ओसलिव्हन यांच्या १९७२ च्या गीताचा अंश त्याने परवानगीवाचून वापरला होता. न्यायाधीशांनी निकालपत्राचा आरंभच चोरीचा निषेध करणाऱ्या बायबलमधील आज्ञेने केला. विशेष म्हणजे, ते वचनही उद्धरणच होते.

यानंतर सुमारे वर्षभराने, डिसेंबर १९९२ मध्ये, एन. डब्ल्यू. ए.मधून बाहेर पडलेल्या डॉ. ड्रे यांची ‘द क्रॉनिक’ प्रसिद्ध झाली. तिच्यात मूळ मुद्रणांचे तुकडे आहेतच. परंतु १९७० च्या दशकातील फंक संगीताच्या अनेक चाली वादकांकडून नव्याने वाजवून घेतलेल्या आहेत. पुनर्वादनाला मूळ मुद्रणाच्या मालकाची संमती लागत नाही, रचनेच्या हक्कदाराची पुरते. तरीही या बदलाचे सारे श्रेय न्यायालयाला देणे घाईचे ठरेल, कारण ड्रे यांनी हे तंत्र निकालापूर्वीही वापरले होते. संथ लय, खोल बास आणि सिंथेसायझरची उंच, लांबणारी सुरावट यांतून साकारलेली ही शैली पुढे ‘जी-फंक’ म्हणून ओळखली गेली.

‘लेट मी राइड’ या गीतातील रथाची प्रतिमा तौलनिक अभ्यासकाने विशेष न्याहाळावी. गुलामगिरीच्या काळातील कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतांत रथ मुक्तीचा आहे. पार्लमेंट या फंकसमूहाने १९७५ मध्ये त्याचे अंतराळयान केले. ड्रे यांच्याकडे तो रस्त्यावरून मिरवणारी मोटार होतो. मुक्तीचे मालकीत झालेले हे रूपांतर केवळ ऱ्हास मानणे एकांगी ठरेल; पोलिसांच्या तपासणीचे भय असलेल्या वस्तीत आपल्या मोटारीतून निर्धास्त हिंडणे हीही आकांक्षाच होती.

रॉडनी किंग यांना मारहाण करणाऱ्या पोलिसांच्या खटल्याचा निकाल २९ एप्रिल १९९२ रोजी लागला आणि लॉस एंजेलिस पेटले; पन्नासहून अधिक माणसे मेली. या दंगलीवरील गीतात मात्र पुनर्वादन पुरेसे ठरत नाही. तेथे त्या दिवसांत चित्रित झालेल्या माहितीपटातील संतप्त नागरिकांचे आवाज थेट येतात. ते आवाज कोणा अभिनेत्याकडून वदवून घेतले असते, तर साक्षीचे मोल उरले नसते.

या साक्षीच्या आसपासच स्त्रियांविषयीची उघड तुच्छताही आहे. तिला काल्पनिक निवेदकाच्या पदरी बांधणे अवघड आहे. १९९१ मध्ये पत्रकार डी बार्न्स यांना मारहाण केल्याच्या आरोपाला ड्रे यांनी न्यायालयात आव्हान दिले नव्हते.

१९९३ च्या नोव्हेंबरात याच मुद्रिकेतून पुढे आलेल्या स्नूप डॉगी डॉगची ‘डॉगीस्टाइल’ आली. तिची संगीतयोजनाही ड्रे यांचीच होती. जी-फंकचा सूर आता रुळला होता. शेकडो तुकड्यांची ती जुनी, गजबजलेली रचना मोठ्या कंपन्यांच्या मुद्रिकांतून विरळ होत गेली.