अजिंठा भित्तिचित्रांचे संवर्धन

अजिंठा भित्तिचित्रांचे संवर्धन हे मराठवाड्यात परदेशी तज्ज्ञांच्या साहाय्याने झालेले आरंभीचे एक महत्त्वाचे काम होय. मुखेड-नांदेडपासून अजिंठ्यापर्यंतचा हा प्रदेश तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे पुरातत्त्व खाते १९१४ साली स्थापन झाले. गुलाम याझदानी हे त्याचे पहिले संचालक. त्यांच्या कारकिर्दीत, १९२० ते १९२२ दरम्यान, लोरेन्झो चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी येथे काम केले.

ही चित्रे मातीच्या गिलाव्यावरील कोरड्या पांढऱ्या लेपावर काढलेली आहेत. गिलावा सुटला की चित्रही जाते. शिवाय रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनमधील आगीत जळाल्यामुळे मूळ चित्रे टिकवणे अधिकच निकडीचे होते. इटालियन तज्ज्ञांनी सुटणारा गिलावा भिंतीस पुन्हा चिकटवला व चित्रांवर लाखेचे रोगण चढवले. गिलावा वाचला, रोगण मात्र कालांतराने पिवळे पडले आणि मूळ रंग झाकोळले. ते उतरवण्याचे किचकट काम पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांकडे आले. याझदानींनी १९३० ते १९५५ या काळात चार भागांत प्रसिद्ध केलेला अजिंठ्यावरील सचित्र ग्रंथ अभ्यासकांना आजही उपयोगी पडतो. १९८३ साली युनेस्कोने अजिंठ्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.