बोलपूरच्या माळावरचे उपासनागृह

कॉलेजच्या आवारात कोणत्याही धर्माच्या मुलामुलींना निवांत बसता येईल अशी एक जागा असावी, ही मागणी आता जगभर ऐकू येते. शांतिनिकेतनात क्रम उलटा होता. तिथे जागा आधी झाली, शाळा तिच्यानंतर दहा वर्षांनी आणि विद्यापीठ तीस वर्षांनी.

रवींद्रनाथांचे वडील महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर यांनी 1863 मध्ये बंगालमधल्या बोलपूरजवळ, आजच्या शांतिनिकेतनाच्या जागी, उजाड माळावर वीस बिघे जमीन कायमच्या पट्ट्याने घेतली आणि 1888 मध्ये न्यासपत्र करून ती विश्वस्तांच्या हवाली केली. त्या न्यासपत्रातल्या अटी चोख आहेत. कोणत्याही जातिधर्माच्या माणसाने यावे, निराकार ब्रह्माची उपासना करावी. मूर्तिपूजा करू नये, मद्यमांस आणू नये, आणि कोणाच्या धर्माची किंवा दैवताची निंदा करू नये. शिवाय दरवर्षी एक मेळा भरवावा! ध्यानाच्या जागेला जत्रेची जोड देणारे महर्षी मला पक्के व्यवहारी वाटतात.

उपासनागृह 1891 च्या डिसेंबरात, बंगाली पंचांगाच्या 7 पौषाला उघडले. 1843 मध्ये देवेंद्रनाथांनी ब्राह्म धर्माची दीक्षा घेतली तोच हा दिवस. लोखंडी सांगाडा, रंगीत काचा, संगमरवरी फरशी. बसायचे ते जमिनीवर. आपल्याकडच्या प्रार्थना समाजाची उपासना ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात परके काही वाटू नये. ठाकूर घराणेही महाराष्ट्राला अनोळखी नव्हते; देवेंद्रनाथांचे एक चिरंजीव सत्येंद्रनाथ तर साताऱ्यात न्यायाधीश होते.

1901 मध्ये रवींद्रनाथांनी इथे शाळा काढली. बुधवार हा उपासनेचा आणि सुटीचा वार ठरला. पण उपासनागृह सर्वांना खुले म्हणून आश्रमातली जात सुटली असे झाले नाही. ब्राह्मणेतर शिक्षकाच्या पाया पडायचे की नाही, असा पेच सुरुवातीच्याच काळात उभा राहिला. रवींद्रनाथांनी तोडगा काढला तो असा : ब्राह्मण शिक्षकांना पायांना हात लावून प्रणाम, इतरांना नुसता नमस्कार. पुढच्या रवींद्रनाथांना ओळखणाऱ्याला हे वाचताना अवघडल्यासारखे होते. संस्थेच्या वाटचालीतून ते वगळणे मात्र बरोबर नाही.

रवींद्रनाथ स्वतः बदलत गेले आणि उपासनागृहही बदलले. 25 डिसेंबर 1910 रोजी त्यांनी तिथे येशूच्या चरित्रावर प्रवचन दिले आणि ख्रिस्तोत्सवाची प्रथा पडली. वडिलांनी परधर्माची निंदा मना केली होती. मुलाने परधर्माच्या महापुरुषाला सणाचे आमंत्रणच दिले. माझ्या मते संस्थेने टाकलेले खरे मोठे पाऊल हे. बुधवारची त्यांची भाषणे पुढे ‘शांतिनिकेतन’ याच नावाने पुस्तकरूपात आली.

1921 मध्ये विश्वभारती हे विद्यापीठ सुरू झाले, तेव्हाच्या पहिल्या विद्यार्थ्यांत पुढे लेखक म्हणून गाजलेले सय्यद मुज्तबा अली होते. 1951 मध्ये विश्वभारती केंद्रीय विद्यापीठ झाली, 2023 मध्ये शांतिनिकेतन जागतिक वारसा यादीत गेले.

तरीही ही जागा सर्वांना सारखीच सोयीची आहे, असे म्हणता येणार नाही. मूर्ती नसली की जागा कोणाचीच राहत नाही, हा समज भाबडा आहे. निराकाराची उपासना हाही एक पंथच. गणपतीपुढे निरांजन ओवाळू पाहणाऱ्या मुलीला न्यासपत्र आजही आड येईल. तिने येऊन बसावे, गाणी ऐकावीत, याला मात्र 1888 पासून कोणाची हरकत नाही.