खुर्चीतील काळाचे मोजमाप

कारकुनाच्या श्रमांची मोजदाद आजवर त्याने निकालात काढलेल्या कागदांवरून होत आली. त्या कामी त्याचे शरीर किती वेळ निश्चल राहिले, याची नोंद कोणत्याही दप्तरात नव्हती. हालचाल डोळ्यांत भरते, निश्चलता भरत नाही. म्हणून तिचे मोजमाप करण्याची विद्या फार उशिरा जन्मास आली.

विकार मात्र जुना आहे. बर्नार्डिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० साली निरनिराळ्या व्यवसायांतील रोगांवर ग्रंथ लिहिला. १७१३ च्या आवृत्तीत त्याने लेखनिकांचाही विचार केला आणि त्यांच्या व्याधींची तीन कारणे सांगितली: अखंड बैठक, हाताची एकसारखी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. निदान मार्मिक होते, माप नव्हते.

आकडे हाती आले ते लंडनच्या दुमजली बसगाड्यांतून. डॉ. जेरी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनी १९५३ साली दाखवून दिले की, दिवसभर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांपेक्षा बसून राहणाऱ्या चालकांना हृदयविकार अधिक जडतो. परंतु मुळात स्थूल असलेली माणसेच चालक होत असतील तर? १९५६ साली मॉरिस यांनी गणवेशांच्या नोंदी तपासल्या. चालकांच्या विजारींचा घेर नोकरीच्या आरंभापासूनच मोठा निघाला, आणि ती शंका सहजी सोडता येईना. त्याच वर्षी पश्चिम बंगालमधील ताग गिरणीतल्या माणसांविषयीचा जाँ मायर प्रभृतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथील बैठे काम करणारे लोक कष्टकऱ्यांपेक्षा कमी खात नव्हते; वजन मात्र त्यांचे अधिक होते.

या सर्व संशोधनात माणसाच्या हुद्द्यावरून त्याच्या बैठकीचा अंदाज बांधलेला होता. माणसालाच विचारावे, तर आपण किती वेळ बसलो हे त्याला नीट आठवत नाही. बहुधा तो कमीच सांगतो. पुढे कमरेला बांधावयाची गतिमापक यंत्रे आली. पण स्तब्ध उभा असलेला माणूस आणि बसलेला माणूस यांतील भेद त्यांना नीटसा कळेना. ही अडचण मांडीवर चिकटवलेल्या लहानशा संवेदकाने दूर केली. बसलेल्या माणसाची मांडी आडवी असते, उभ्याची उभी. गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून यंत्र हा फरक ओळखते आणि सलग आठवडाभर त्याची नोंद ठेवते.

या साधनाचा खरा उपयोग २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आला. इंग्लंडमधील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांतील ७५६ कर्मचाऱ्यांचे तीन गट करण्यात आले. एकाचा क्रम पूर्वीसारखाच राहिला. दुसऱ्यास मार्गदर्शन व उत्तेजन मिळाले. तिसऱ्यास त्याखेरीज उंची कमीजास्त करता येणारे टेबल मिळाले. वर्षअखेर पहिल्या गटाच्या तुलनेत दुसऱ्याची रोजची बैठक सुमारे २२ मिनिटांनी घटली, तिसऱ्याची सुमारे ६४ मिनिटांनी.

या दोन आकड्यांत मोठा बोध आहे. बैठक हा केवळ कारकुनाच्या आळसाचा दोष नव्हे. ती बरीचशी कामाच्या मांडणीतून उपजते. बसचा वाहक चालकाहून सद्गुणी होता म्हणून जिना चढत नव्हता. त्याचे कामच त्याला चढवीत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली बैठक कमी करण्याचा सल्ला दिला, पण तासांची मर्यादा ठरवली नाही. तेवढा पुरावा अद्याप नव्हता. तेव्हा संवेदकाने दिलेला आकडा कर्मचाऱ्यावरील आरोपपत्र म्हणून वाचला, तर ते यंत्र हजेरीपटाची एक नवी आवृत्ती होऊन बसेल. तो आकडा कार्यालयाच्या रचनेवरील शेरा म्हणून वाचला, तरच रामाझिनीच्या निदानाला तीन शतकांनंतर उपचाराची जोड मिळेल.