पाचशे प्रतींचे भवितव्य : वऱ्हाडातील स्त्रीलेखन आणि त्याचा संचार

ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापला गेला. प्रती ५००, किंमत नऊ आणे. लेखिका मात्र बुलढाण्याची, म्हणजे निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आलेल्या वऱ्हाड प्रांताची. या निबंधातील विचाराची, त्यातील उपरोधाची आणि बोलीशी सलगी राखणाऱ्या गद्याची चर्चा आपल्या समीक्षेने पुष्कळ केली आहे. त्या मानाने एक साधा प्रश्न मागे पडला : ही संहिता कोणत्या वाटेने जन्माला आली, आणि जन्मल्यावर तिला वाट का मिळाली नाही? स्त्रियांच्या चळवळीला लेखनाचे साहाय्य होते असे आपण सहज म्हणतो. परंतु साहाय्य लेखनाचे होते की लेखनाच्या संचाराचे, हा भेद केल्याशिवाय त्या विधानाला फारसा अर्थ उरत नाही.

निबंधाचे निमित्त वऱ्हाडातले नव्हते. सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती सौम्य झाली. मधल्या काळात ‘पुणेवैभव’सारख्या पत्रांनी समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर तोंडसुख घेतले. सुरतेचा खटला, पुण्याचे पत्र आणि बुलढाण्यातली वाचक हा त्रिकोण मुद्रणयुगाखेरीज संभवत नाही. मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग मलकापूर, अकोला, बडनेरा या मार्गाने १८६७पर्यंत पूर्ण झाला होता. वऱ्हाडचा कापूस त्याने मुंबईस जाई आणि उलट दिशेने छापील कागद येई. बुलढाणे या मार्गापासून दूर, घाटावर. पण ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे तेथील सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, सत्यशोधक समाजाशी संबंधित होते. घरात वर्तमानपत्र येणे आणि मुलीने ते वाचणे या दोन्ही गोष्टी अशा घरात शक्य होत्या.

अकोल्यास आणि उमरावतीस मराठी पत्रे निघत असताना निबंध पुण्यास का छापला, याला माझ्या मते सरळ उत्तर आहे. हल्ला पुण्याहून झाला होता, म्हणून प्रत्युत्तरही तेथेच छापणे भाग होते. वऱ्हाडी वाचकवर्ग हा या संहितेचा अभिप्रेत वाचक नव्हेच. प्रांताच्या कडेला बसलेली स्त्री केंद्राशी थेट बोलू पाहते, एवढा हा धीट व्यवहार होता. मात्र केंद्रापर्यंत निबंध पोहोचविण्यास छापखाना पुरेसा असला, तरी तेथे तो टिकविण्यास पुरेसा नव्हता. टीका झाली, महात्मा फुले यांनी १८८५मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली, आणि ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही.

येथे त्याच १८८२ सालची दुसरी लेखिका आठवते. पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ त्याच वर्षी पुण्यात प्रसिद्ध झाले आणि आर्य महिला समाजही त्याच वर्षी स्थापन झाला. रमाबाईंचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक १८८७ साली अमेरिकेत निघाले तेव्हा त्याला डॉ. रेचल बॉडली यांची प्रस्तावना होती, व्याख्यानांचा दौरा होता, आणि बॉस्टनला केंद्र असलेली, ठिकठिकाणी शाखा असलेली रमाबाई असोसिएशन लवकरच उभी राहिली. त्या वर्गणीतून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. वैधव्य हाच विषय ताराबाईंपुढेही होता. प्रहार तर त्यांचा अधिक मुळावर होता, कारण त्या केवळ वैधव्याच्या रूढीवर थांबत नाहीत, पुरुषसत्तेलाच जाब विचारतात. परंतु रमाबाईंना संस्कृत, इंग्रजी आणि मिशनरी अशी तीन वर्तुळे उपलब्ध होती. मराठा जातीतल्या, बुलढाण्यातल्या लेखिकेला त्यांपैकी एकही नव्हते. हा फरक प्रतिभेचा खासच नव्हे.

मग १९७५ उजाडले. आंतरराष्ट्रीय महिला वर्षात स. गं. मालशे यांनी निबंध पुन्हा प्रकाशित केला. सूसी थारू आणि के. ललिता यांच्या संपादनातून १९९१ साली त्यातील अंश इंग्रजी वाचकांपुढे आला आणि १९९४मध्ये रोझलिंड ओ’हॅनलन यांचे संपूर्ण भाषांतर ऑक्सफर्डने काढले. संहिता तीच होती. ९३ वर्षांनी तिला वाचणारी चळवळ मिळाली, आणि त्या चळवळीला आपली पूर्वज.

वऱ्हाडातला दुसरा आवाज वेगळ्या रीतीने टिकला. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. तिच्या अध्यक्षा अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा अधिकार, बहुपत्नीत्वास बंदी, गिरणीतल्या स्त्री-कामगारांना रजा व निवृत्तिवेतन असे ठराव या परिषदेत झाले. अध्यक्षीय भाषणात संततिनियमनाचाही विषय होता. हे सारे छापील अहवालात राहिले आणि १९८९मध्ये ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ने ते पुढच्या पिढीच्या हाती दिले. चळवळीचा अहवाल हा साहित्यप्रकार नाही, म्हणून आपल्या वाङ्मयेतिहासाने तो उघडला नाही. ताराबाईंना ‘निबंधा’मुळे निदान एक ओळ मिळाली; सुलोचनाबाईंना तीही नाही. स्त्रीवादी समीक्षेने या वर्गीकरणालाच प्रश्न करावयास हवा होता. तो तिने उशिरा केला.

आज संकेतस्थळांच्या काळात संचाराची अडचण संपली असे मानण्याकडे कल दिसतो. महिला किसान अधिकार मंच (मकाम) या संघटनेने २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ स्त्रियांची पाहणी केली. त्या कसत असलेली जमीन सुमारे ४० टक्के स्त्रियांच्या नावावर अद्याप झालेली नव्हती. हे निष्कर्ष अल्पकाळात दूरवर पोहोचले, आणि २०१९मध्ये अशा स्त्रियांसाठी शासननिर्णयही निघाला. १८८१मध्ये विधवेविषयी पत्रे बोलत होती. येथे विधवांच्या स्वतःच्या उत्तरांतून मजकूर तयार झाला. तथापि पाहणीचा बराचसा प्रवास इंग्रजीतून झाला. सातबाऱ्यावर नाव लावून मागणारी स्त्री मात्र तलाठ्याशी मराठीत, बहुधा वऱ्हाडीत बोलते. आणि शासननिर्णयाची प्रत तिला स्वतःच तेथवर न्यावी लागते.